ही चाचणी नाही

माझ्या निरोप समारंभात मोठ्या साहेबांनी माइक हातात घेतला आणि माझ्या तीसेक वर्षांच्या नोकरीचं सार एका वाक्यात सांगून टाकलं. “मॅडमनी आपल्या कंपनीसाठी तो चॅट ग्रुप बनवून दिला, त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत.” टाळ्या झाल्या. शाल मिळाली, एक निसर्गचित्राची फ्रेम मिळाली. मी हसून घेतलं, कारण समोशांच्या प्लेटी मांडून झाल्या होत्या आणि लोकांना कंपनीच्या बसची घाई होती. पण करंजाड्याला घरी पोचेपर्यंत माझं डोकं तापलं होतं. ग्रुप काय, कोणीही बनवतं. आमच्या सोसायटीतल्या बायकांनी पापडांसाठी बनवलाय. मी बनवलं ते वेगळंच होतं. त्याची या साहेबांनी काय वाट लावली हे समोसे खाणाऱ्या लोकांपुढे बोलायची सोय नव्हती, म्हणून इथे लिहिते आहे.

मी इन्स्ट्रुमेंटवाली. हिंगोली जिल्ह्यातल्या खेड्यातून डिप्लोमाला बाहेर पडले आणि तिथून थेट तळोज्याच्या एमआयडीसीत नोकरीला आले. केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंटवाल्यांचं काम काय, तर पाइपात, टाकीत, हवेत जे चाललं आहे तेच काट्यावर आणि पडद्यावर दिसतं आहे की नाही हे बघायचं. टाकीत प्रेशर किती असावं हे ठरवणारे वेगळे. आम्ही फक्त आहे ते दाखवायचं. काटा खोटं दाखवायला लागला की तो खोलायचा, साफ करायचा, पुन्हा वळणावर आणायचा. मी जन्मभर एवढंच केलं. कंपनीचं नाव लिहीत नाही आणि शेजारच्या गावाचंही लिहीत नाही, कारण एक लिहिलं की दुसरं लगेच ओळखू येतं.

आमच्या चिलिंग प्लांटमध्ये, म्हणजे पाणी गार करणाऱ्या विभागात, अमोनिया वापरतात. बर्फाच्या कारखान्यात असतो तोच. थोडा सुटला तर डोळे चुरचुरतात, जास्त सुटला तर श्वास कोंडतो, आणि लहान मुलांचा आधी कोंडतो. कंपनीच्या मागच्या भिंतीला लागूनच गाव आहे. गाव आधीचं, कंपनी नंतर आली, हे दर नव्या साहेबाला नव्याने सांगावं लागतं. भिंतीपासून हाकेच्या अंतरावर अंगणवाडी आहे. तिथल्या सेविका रंजनाताई, त्याच गावच्या सून. त्यांच्या सासऱ्यांच्या भातशेतीवर आता आमचे कूलिंग टॉवर उभे आहेत.

पूर्वी इशाऱ्याला भोंगा होता. शिफ्ट सुटली की तोच भोंगा, पंधरा ऑगस्टला तोच आणि सरावालाही तोच. गावातल्या बायका त्या भोंग्यावर कुकर लावायच्या. एकदा वास गावात गेला, माणसं चिडून गेटवर आली, आणि मग बैठकीत ठरलं की गॅस सुटला तर गावाला थेट फोनवर कळवायचं. हे काम माझ्याकडे आलं, कारण भिंतीवरचे गॅसचे सेन्सर माझे आणि कंट्रोल रूममधल्या कॉम्प्युटरची कुरबुरही मीच ऐकायचे.

आता हे बॉट प्रकरण काय असतं ते सांगते. बॉट म्हणजे चॅटमधलं असं खातं ज्याच्यामागे माणूस नाही, एक प्रोग्रॅम आहे. सेन्सरचा आकडा ठरलेल्या रेषेच्या वर गेला की प्रोग्रॅमने जागं व्हायचं आणि ग्रुपवर मेसेज टाकायचा. हे सगळं कमांड लाइनवर चालतं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. माउस नाही, चित्रं नाहीत, बटणं नाहीत. एक ओळ टाइप करायची आणि एंटर मारायचं. ओळ चुकली तर तो पडदा तोंडभर शिव्या घालतो. काम फत्ते झालं तर काहीच बोलत नाही, फक्त पुढच्या ओळीवर येऊन थांबतो. माझ्या सासूबाईंचाही स्वभाव असाच होता, त्यामुळे माझं त्या पडद्याशी लवकर जमलं.

आणि हे सगळं एन्क्रिप्टेड हवं, हा मोठ्या साहेबांचा आग्रह. एन्क्रिप्टेड म्हणजे मेसेज आपल्याकडेच कुलूपबंद होतो आणि ज्याच्यासाठी आहे त्याच्या फोनमध्येच उघडतो. मधल्या वाटेवर कोणी पकडला तरी त्याच्या हाती नुसतं कुलूप. साहेबांना ते हवं होतं, कारण पेपरवाल्यांना कळू नये. मलाही ते हवं होतं, पण दुसऱ्या कारणासाठी. या कुलपाचा अजून एक गुण असतो. ज्याच्याकडे बॉटची किल्ली नाही त्याला बॉटच्या नावाने मेसेज पाठवता येत नाही. एखाद्या टवाळाने गंमत म्हणून ‘गॅस सुटला’ असं टाकलं आणि गाव धावत सुटलं, तर चेंगराचेंगरी होईल. बाहेरून कोणालाही त्यात खोटं घुसवता येऊ नये, एवढीच माझी काळजी होती. खोटं आतून येईल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

बॉट सुरू झाला तेव्हा आधी मला माझ्याच माणसांनी छळलं. सूचना अशी होती की या ग्रुपवर फक्त बॉट बोलेल. तरी कॅन्टीनवाला रोज सकाळी बॉटला विचारायचा, “सर, आज जेवायला किती माणसं?” स्टोअरमधल्या एकाने बॉटकडे दोन दिवसांची रजा मागितली, उत्तर आलं नाही म्हणजे मंजूर समजला आणि खुशाल गावी गेला. परचेसचा एक अधिकारी गॅसच्या प्रत्येक इशाऱ्याला ‘नोटेड, धन्यवाद’ लिहायचा. मी त्याला म्हटलं, “अहो, धन्यवाद कसले? उठून बाहेर पळायचंय तुम्हाला.” तो म्हणाला, “मॅडम, रिप्लाय देणं हे मॅनर्स आहेत.”

गावाचं काम मात्र एका फेरीत झालं. कुलूप बसवण्याआधी दोन्ही बाजूंनी एकमेकांची ओळख पटवावी लागते. माझ्या लॅपटॉपवर सात लहान चित्रं येतात, समोरच्याच्या फोनवरही सात येतात, दोन्हीकडे तीच आणि त्याच क्रमाने असली की दोघांनी हो म्हणायचं. म्हणजे मध्ये कोणी भामटा बसलेला नाही हे नक्की होतं. यासाठी मी अंगणवाडीत गेले. सतरंजीवर बसले, तर पोरं लॅपटॉपवर तुटून पडली. रंजनाताईंनी फोन समोर धरला आणि मी वाचायला लागले, “कुत्रा.”

“कुतरा!” सगळी पोरं ओरडली.

“छत्री.”

“छत्री हाय!”

“झाड.”

“यो झार नाय, यो भोपला!” एक चिमुरडी ठामपणे म्हणाली. मी चष्मा पुसून पाहिलं, तर खरंच तिथे भोपळा होता. झाड त्याच्या पुढे होतं. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. सगळी चित्रं जुळली तेव्हा पोरांनी टाळ्या पिटल्या. साहेबांच्या समारंभातल्या टाळ्यांपेक्षा या मला जास्त आठवतात.

रंजनाताईंनी फोन पदराला पुसला आणि विचारलं, “ताई, यो मेसेज पाठवनार कोन?”

“मशीन.”

“आनी मशीनला कोन सांगनार?”

“भिंतीवरचा सेन्सर.”

“आनी सेन्सरला?”

“हवा. हवेत गॅस असेल तर तो सांगणार, नसेल तर गप्प बसणार.”

“मदी कोनी साहेब नाय ना?”

“कोणी नाही.”

“मंग बरा हाय,” त्या म्हणाल्या आणि पोरांना खिचडी वाढायला उठल्या.

पुढे आठ-दहा महिने सगळं सुरळीत चाललं. गावातल्या बचत गटाच्या बायका, शाळेचे मास्तर, दोन-तीन पंचायतीतले, अशा सगळ्यांचे फोन मी असेच चित्रं जुळवून घेतले. मोठ्या साहेबांनी तर स्वतः सुरक्षा नियमावलीत लिहून घेतलं की ज्या फोनची ओळख पटलेली नाही त्याला एक अक्षरही जाता कामा नये आणि गावातला एकही फोन ओळखीविना राहिला तर बॉटने थांबून तसं कळवावं. त्यांना भीती अशी की कोणी पत्रकार फोन घेऊन आत घुसेल. ती नियमावली सरकारी कार्यालयात दाखल झाली, तिच्यावर शिक्का बसला. मी प्रोग्रॅममध्येही तसंच बसवलं.

मग एका दुपारी थोडा गॅस सुटला. थोडाच, पण रेषेच्या वर. बॉटने त्याचं काम केलं. गावातल्या कोणीतरी त्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढला आणि अर्जाला जोडून सरकारी कार्यालयात दिला. दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावणं आलं.

“मॅडम, तुम्ही तर म्हणाला होता हे एन्क्रिप्टेड आहे!”

“आहेच, सर.”

“मग बाहेर कसं गेलं?”

“सर, कुलूप वाटेवर असतं. ज्याच्यासाठी मेसेज आहे त्याच्याकडे तो उघडतोच, त्यासाठीच तर पाठवतो आपण. उघडल्यावर तो वाचेल, फोटो काढेल, फ्रेम करून भिंतीला लावेल.”

“ते थांबवा.”

“ते थांबत नाही.”

“मग एन्क्रिप्शनचा फायदा काय?” साहेब खरोखर चिडून म्हणाले. गावाला खरं कळावं हा फायदा असू शकतो, हे त्या माणसाच्या मनाला शिवलंही नव्हतं. शेजारी कायदा विभागाचे गृहस्थ बसले होते. ते शांतपणे म्हणाले, “एक सोपा उपाय आहे. प्रत्येक मेसेजच्या सुरुवातीला ‘चाचणी संदेश’ असे दोन शब्द टाका. मेसेज जाईल, नियम पाळला जाईल, आणि कोणी फोटो काढला तरी तो चाचणीचाच.”

मला आधी वाटलं, थट्टा चालली आहे. मग साहेबांचा चेहरा खुललेला पाहिला. मी म्हटलं, “सर, असं केलं तर गॅस सुटला तरी गावातलं कोणी जागचं हलणार नाही.”

“असं कसं? मेसेज तर जाईलच ना.”

“खोटा जाईल.”

“खोटा नाही मॅडम, सावध,” कायदावाले म्हणाले.

मी ते दोन शब्द टाकायला साफ नकार दिला. तेव्हा साहेबांनी बाहेरच्या कंत्राटी कंपनीचा इंजिनियर बोलावला. त्याने प्रोग्रॅममधली एक ओळ बदलली, चहा प्याला आणि गेला. एवढ्यावर भागलं असतं तर एक वेळ ठीक. पण साहेबांनी वर आदेश काढला की सराव म्हणून आठवड्यातून दोनदा तसाच मेसेज पाठवत जा. म्हणजे खऱ्या इशाऱ्यावर चाचणी लिहिलेलं आणि चाचणीवरही चाचणीच लिहिलेलं. माझ्या काट्याला कोणी हाताने धरून ठेवावं तसं झालं. मी अंगणवाडीत जाऊन रंजनाताईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “दर बारीला पोरा घेऊन पलू का मी? येक डाव पलंन, दोन डाव पलंन. तिसरे डावाला आया मनाच हासतील.” आणि तसंच झालं. दोनदा त्या मुलांना घेऊन निघाल्या, दोन्ही वेळा सराव निघाला, आणि मग आयांनी खरोखरच त्यांना वेड्यात काढलं.

खरा प्रसंग आला तो सकाळच्या वेळी, अंगणवाडी भरलेली असताना. मी कंट्रोल रूममध्ये होते. चिलिंग प्लांटमधला एक व्हॉल्व्ह गळायला लागला आणि भिंतीवरचे आकडे चढायला लागले. नेहमी एखादा सेन्सर वेडेपणा करतो, तेव्हा मी आधी त्याच्यावर संशय घेते. इथे शेजारशेजारचे तिन्ही एकदम चढत होते. खिडकीतून वाऱ्याची नारिंगी पिशवी दिसत होती, ती ताठ होऊन गावाकडे तोंड करून होती. बॉटने मेसेज पाठवला, ‘चाचणी संदेश: अमोनिया, मागची भिंत.’ मी तो पडद्यावर वाचला.

वाचणारा म्हणेल, फोन का नाही केला? केमिकल प्लांटमध्ये मोबाइल नेता येत नाही. ठिणगीची भीती असते, म्हणून ऑफिस आणि कॅन्टीनवाले सोडले तर सगळ्यांचे मोबाइल गेटवर जमा. कंट्रोल रूममधला फोन कंपनीच्या आतल्या आत चालतो. बाहेर लावायचा तर गेटवरच्या ऑपरेटरकडून. मी ऑपरेटरला सांगितलं, “अंगणवाडीचा नंबर लाव, पटकन.”

तो म्हणाला, “मॅडम, इमर्जन्सीत बाहेर कॉल मोठ्या साहेबांच्या ओकेशिवाय देता येत नाही.”

“मग त्यांचं ओके घे!”

“साहेब मीटिंगमध्ये आहेत.”

मी रिसीव्हर आपटला. शेजारी मोरे नावाचा ऑपरेटर व्हॉल्व्हच्या मागची लाइन बंद करण्यात गुंतला होता, त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. त्याने मान न वळवता विचारलं, “ताई, गावाचं काय?” तेव्हा मी बॉटच्या कॉम्प्युटरसमोर बसले. प्रोग्रॅमला बगल देऊन बॉटच्या खात्यातून हाताने मेसेज पाठवता येतो. कमांड लाइनचं तेच तर सुख आहे, की तिथे साहेब लोकांनी बसवलेली बटणं नसतात. मी ओळ टाइप केली: ‘रंजनाताई ही चाचणी नाही. गॅस खरा आहे. ओली फडकी तोंडाला बांधा, मुलं घेऊन तळ्याच्या बाजूला निघा. मी सुनंदा.’ आणि एंटर मारलं.

पडदा काही बोलला नाही. पुढच्या ओळीवर येऊन थांबला.

मी वर सांगितलंच आहे की काम झालं की तो गप्प बसतो. हे मला पाठ होतं, पण त्या वेळी ते पुरेसं नव्हतं. मेसेज गेला हे नक्की. तो त्यांनी वाचला का, आणि वाचून विश्वास ठेवला का, हे त्या पडद्याला कसं कळणार? मी आलेले मेसेज वाचायची ओळ टाइप केली. काही नाही. पुन्हा केली. काही नाही. पुन्हा केली तेव्हा दोन शब्द आले: ‘निंगालो आमी.’

मुलं वाचली. काहींना उलट्या झाल्या, एका मुलीला दोन दिवस पनवेलला दवाखान्यात ठेवावं लागलं, रंजनाताईंचे डोळे आठवडाभर लाल होते. शेवटच्या मुलाला उचलायला त्या परत आत गेल्या होत्या. मोरेने लाइन बंद केली तेव्हा कुठे आकडे उतरले.

आणि आता ऐका कंपनीने काय केलं. कंपनीच्या अहवालात लिहिलं गेलं की त्या दिवशी ठरल्याप्रमाणे सराव घेण्यात आला, चाचणी संदेश वेळेवर पाठवण्यात आला आणि ग्रामस्थांनी त्याला उत्तम प्रतिसाद दिला. पुरावा म्हणून बॉटचाच मेसेज जोडला, त्यावर चाचणी लिहिलेलंच होतं. हे दोन शब्द कशासाठी घातले होते ते मला त्या दिवशी पुरतं समजलं. मला मात्र कारणे दाखवा नोटीस. कंपनीचं खातं विनापरवानगी वापरलं, घबराट पसरवली. साहेबांनी केबिनमध्ये गोड आवाजात सांगितलं, “तो सराव होता असं तुम्ही लिहून द्या मॅडम, नोटीस विसरून जाऊ. रिटायरमेंट जवळ आलीय, कशाला टेन्शन?” मी लिहून दिलं नाही. नोटीस शेवटच्या दिवसापर्यंत माझ्या डोक्यावर लटकत होती आणि त्याच माणसाच्या हातून मी शाल घेतली.

पण कडेलोट पुढे झाला. सेफ्टी वीकच्या कार्यक्रमात उत्कृष्ट सरावाबद्दल सत्कार ठेवला आणि रंजनाताईंना स्टेजवर बोलावलं. साहेब शाल उलगडून उभे. रंजनाताई वर चढल्या, शाल काही अंगावर घेतली नाही, माइककडे गेल्या आणि म्हणाल्या, “माजी पोरा वकली ती चाचनी व्हती का, येवरा सांगा. मंग शाल घेतंय.” मग पहिल्या रांगेतून कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, बाकीच्यांनी री ओढली, आणि सूत्रसंचालकाने पुढचं नाव पुकारलं. माणसाचं बोलणं टाळ्यांनी दाबता येतं हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि माझे दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते.

मी निवृत्त झाले. त्यानंतरच्या दसऱ्याला कंपनीत मशीनची पूजा झाली आणि पूजेआधी दर वर्षीप्रमाणे दणक्यात साफसफाई. जुनं ते सगळं भंगारवाल्याच्या टेम्पोत. त्यात बॉटचा जुना कॉम्प्युटरही गेला. कंत्राटी इंजिनियरने त्याआधी नव्या मशीनवर प्रोग्रॅम उतरवून घेतला होता, पण बॉटच्या किल्ल्या घ्यायच्या राहिल्या. किल्ल्या जुन्या मशीनच्या पोटात होत्या आणि त्या कशा काढायच्या हे मी निघताना समजावून सांगितलं होतं. ऐकणारा तेव्हा फोनवर होता. नवा बॉट झेंडूची माळ घालून सुरू झाला आणि पहिल्याच मेसेजला काळ्या पडद्याने शिव्या घातल्या: गावातल्या एकाही फोनशी ओळख पटलेली नाही, पाठवणार नाही. गावातल्या सगळ्यांच्या फोनवरही सूचना गेली की या नावाने कोणी नवीन आलं आहे, ओळख पटवून घ्या.

रंजनाताईंचा मला घरी फोन आला. “ताई, यो तुमचा हाय का?”

“नाही ताई, तो आता माझा राहिला नाही.”

“मंग मी त्याला वलखत नाय.” आणि फोन ठेवून त्यांनी गावातल्या बाकीच्या बायकांनाही सांगितलं की कोणी चित्रं जुळवू नका.

कंत्राटी माणसं गावात दोनदा जाऊन आली. बायकांनी चहा पाजला आणि परत पाठवलं. अट एकच, आधी तो शब्द काढा, आमच्यासमोर काढा. मला काळजी वाटली. मी रंजनाताईंना म्हटलं, “इशारा अजिबातच बंद राहिला तर मुलांचं काय? काहीच नसण्यापेक्षा चाचणीवाला तरी असू दे.” त्या म्हणाल्या, “खोट्या मेसेजपरीस माजा नाक बरा. नाक तरी चाचनी बोलत नाय.” मग मी एक साधा सेन्सर आणून अंगणवाडीच्या खिडकीत बसवला. त्याला नेट नाही, चॅट नाही, गॅस लागला की तो नुसता किंचाळतो. भिंतीच्या या बाजूचा आहे, त्यामुळे त्याला कोणाचं ओके लागत नाही.

यंदा कंपनीच्या परवान्याचं नूतनीकरण आलं. तपासणीत बॉट चालू दिसायला हवा, आणि तो गावातल्या फोनशी ओळख पटल्याशिवाय चालत नाही. तो नियम साहेबांनीच लिहिलेला, शिक्का बसलेला. तो बदलायचा तर का बदलायचा हे सरकारी कार्यालयात सांगावं लागणार. तेव्हा मागच्या महिन्यात मोठे साहेब स्वतः अंगणवाडीत आले. रंजनाताईंनी मलाही बोलावून घेतलं होतं. साहेबांना सतरंजीवर बसायची सवय नव्हती, गुडघे कुठे ठेवावेत ते कळेना. इंजिनियरने लॅपटॉप उघडला आणि सगळ्या बायकांच्या देखत ते दोन शब्द पुसले. मी वाकून पाहिलं, खरंच पुसले होते.

“झालं?” साहेब म्हणाले. “आता मॅच करा पटापट.”

रंजनाताई म्हणाल्या, “आजून येक वल. तवा काय झाला ती लिवा. गॅस खरा सुटलेला, चाचनी नव्हती. येवराच लिवा नि या नव्या मशीनवरशी आमाला पाठवा.”

“त्याचा याच्याशी काय संबंध?”

“संबंद हाय. वलख पटवाची हाय ना? मंग मना बगू द्या कोन हाय तो.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, तुम्ही समजवा ना यांना. तुमचं ऐकतात या.”

“मी काय समजवणार सर? त्या म्हणतात ते मला बरोबर समजलंय.”

साहेबांनी लॅपटॉप इंजिनियरकडून स्वतःकडे ओढला. काळा पडदा, वर काही नाही, फक्त लुकलुकणारी रेघ. ओळखीची अट प्रोग्रॅमला असते, हाताने टाइप केलेल्या ओळीला नाही. त्यांनी बोटं ठेवली. ‘त्या दिवशी’ इतकं टाइप केलं. बायका पुढे सरकल्या. कोपऱ्यात पोरं अंक म्हणत होती. मला त्या क्षणी, खोटं कशाला बोलू, त्या माणसाबद्दल आशा वाटली. दोन ओळींचं काम होतं. त्याने कोणी तुरुंगात जाणार नव्हतं, कोणाची कंपनी बुडणार नव्हती. मग त्यांनी एकेक अक्षर मागे पुसत नेलं, लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, “यासाठी मला वरून परवानगी घ्यावी लागेल.”

“घेऊन या,” रंजनाताई म्हणाल्या. “आमी हिथंच हाव.”

साहेब उठले, बूट घातले, गाडीत बसून गेले. अजून आलेले नाहीत. तपासणीची तारीख जवळ येत चालली आहे, इंजिनियर मला रोज फोन करतो की मॅडम, काहीतरी मार्ग काढा. नवा बॉट कंट्रोल रूममध्ये बसून प्रत्येक वेळी तेच सांगतो, ओळख पटलेली नाही, पाठवणार नाही. इतक्या वर्षांत मी बसवलेलं दुसरं कुठलंही यंत्र इतकं चोख चाललेलं मी पाहिलं नाही.